आपलें पाणी आपण पिणारी कुंडी

घरीं चार कुंड्या असाव्यात, त्यांत मिरचीचीं आणि टोमॅटोचीं दोन-चार झाडें असावींत, आमटींत टाकावयाची कोथिंबीर आयत्या वेळीं गच्चीवरून खुडून आणावी, ही इच्छा हल्लीं पुष्कळ कुटुंबांत दिसते आणि ती सर्वथा स्तुत्य आहे. परंतु या हौसेची एक बाजू अशी आहे कीं, तिचा उच्चार सहसा कोणी करीत नाहीं. हौस ज्याची असते त्याच्या हातीं झारी क्वचितच असते. रोप आणतो एक, त्याला पाणी घालतो दुसरा, आणि रोप वाळलें म्हणजे बोल लागतो तो या दुसऱ्याला.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्याकडे आलेल्या एका पत्रांत हीच गोष्ट फार संयमानें लिहिली होती. लिहिणाऱ्या भगिनी एका एकत्र कुटुंबांतील मधल्या सूनबाई. मामंजींनीं निवृत्तीनंतर गच्चीवर पंचवीस कुंड्या मांडल्या. नळाला पाणी सकाळीं तासभर आणि तें वरपर्यंत चढत नाहीं. तेव्हां खालून आठ बादल्या रोज वर न्यावयाच्या. त्या कोणी न्यावयाच्या हें घरांत कधीं ठरलें नाहीं, पण चाललें मात्र ठरल्यासारखें. वैशाखांत घरची सर्व मंडळी एका मुंजीसाठीं पांच दिवस परगांवीं गेली. परत येऊन पाहतात तों मिरच्यांनीं माना टाकलेल्या आणि टोमॅटोचीं काष्ठें झालेलीं. "जातांना पाणी नीट घातलें नसेल," एवढेंच मामंजी बोलले. पत्राच्या शेवटीं भगिनींनीं लिहिलें होतें कीं, झाडें मलाही आवडतात. तीं न मरतां आणि मी न थकतां तीं जगविण्याची कांहीं रीति असल्यास कळवावी.

रीति आहे. ती स्वस्त आहे, आणि ती करण्यास गिरमिट, करवत व एक रविवार यांपलीकडे विशेष कांहीं लागत नाहीं. ती सांगण्यापूर्वीं मात्र त्या बादल्यांविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे.

झाडांना पाणी घालणें हें आपल्या वाङ्मयांत मोठ्या मायेचें काम मानिलेलें आहे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत शकुंतला आपल्या दृष्टीस प्रथम पडते तीच सख्यांसह आश्रमांतील रोपांना पाणी घालतांना. त्या प्रसंगीं एक सखी तिची थट्टा करते कीं, तात कण्वांना तुझ्यापेक्षां हीं झाडेंच अधिक लाडकीं दिसतात, नाहीं तर तुझ्यासारख्या नाजुक मुलीला त्यांनीं या कामाला लाविलें नसतें. यावर शकुंतला सांगते कीं, हें केवळ तातांच्या आज्ञेमुळें नव्हे. मलाही यांच्याविषयीं भावंडांसारखें प्रेम वाटतें. हा संवाद बहुतेक सुशिक्षितांना ठाऊक असतो. परंतु त्याच अंकांत पुढें, घडा उचलून उचलून तिचे खांदे उतरले आहेत आणि तळहात लाल झाले आहेत, असें वर्णन आहे. तें फारसें कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. हें ज्याच्या दृष्टीस पडलें तो दुष्यंत होता, बाहेरून आलेला पाहुणा. आश्रमांतील वडीलधाऱ्या मंडळींपैकीं कोणाच्या तें लक्ष्यांत आल्याचें कवीनें लिहिलेलें नाहीं. माया खरी आणि थकवाही खरा. एकामुळें दुसरें खोटें ठरत नाहीं. आमच्या पत्रलेखिकेनें हेंच दोन ओळींत सांगितलें आहे.

आतां झाडाच्या बाजूनें पाहूं. जमिनींतील झाडाला एक-दोन दिवस पाणी न मिळालें तर त्याचीं मुळें खोल जातात आणि तेथील ओलावा शोधतात. कुंडींतील झाडाला ही सोय नाहीं. त्याचें सारें जग दहा-पंधरा लिटर मातीचें. तें उन्हानें चहूंकडून तापतें, आणि सकाळीं घातलेलें पाणी तिसऱ्या प्रहरीं संपतें. दुसऱ्या दिवशीं आपण घाईनें बादली ओततों. निम्में पाणी खालच्या भोंकांतून वाहून जातें, उरलेल्यानें मातीचा चिखल होतो आणि मुळांना वारा मिळत नाहीं. म्हणजे रोज प्रथम गुदमरणें आणि नंतर तहानेनें कासावीस होणें, असा झाडाचा दिनक्रम बनतो. टोमॅटोच्या बुडाशीं काळा, चामड्यासारखा डाग पडतो तो पुष्कळदां कीड नसून याच अनियमितपणाचें फळ असतें. मातींतील चुना पाण्याबरोबर फळापर्यंत पोंचावा लागतो. पाण्याचा ओघ तुटला कीं मातींत चुना असूनही फळ उपाशी राहतें. कोरड्यानंतर एकदम पाणी मिळालें म्हणजे टोमॅटो तडकतात. काकडी कडू होण्यासही पाण्याची ही ओढाताण कारण होते. तात्पर्य, कुंडींतील भाजी बहुधा पाणी कमी पडल्यानें बिघडत नाहीं. पाणी आपल्या सवडीनें मिळतें, तिच्या गरजेनें मिळत नाहीं, म्हणून बिघडते.

मग झाडाला लागेल तेव्हां आणि लागेल तेवढें पाणी द्यावयाचें कसें? चोवीस तास कोणी झारी घेऊन उभें राहूं शकत नाहीं. वैशाखांत आपण तुळशीवर गळती बांधतों. पण गळती आपल्या गतीनें ठिबकते, झाडाची तहान तिला कळत नाहीं. तहान कळणारें साधन आपल्या देवघरांत आहे. समईंतील वात पाहावी. ज्योत जितकें तेल जाळते तितकेंच तेल वात वर ओढते; ज्योत मालवली कीं ओढणें थांबतें. तेल खालीं, ज्योत वर, आणि मध्यें सुताच्या तंतूंतील बारीक पोकळ्या. यालाच शास्त्रीय परिभाषेंत केशाकर्षण म्हणतात. नळी जितकी बारीक तितकें पाणी अधिक उंच चढतें, हा नियम १७१८ सालीं जेम्स ज्युरिन या इंग्रज वैद्यानें मांडला. एक मिलिमीटर व्यासाच्या कांचेच्या नळींत पाणी सुमारें ३ सेंटिमीटर चढतें, आणि एकदशांश मिलिमीटर व्यासाच्या नळींत सुमारें ३० सेंटिमीटर. चांगल्या भुसभुशीत मातींत अशाच बारीक वाटा असंख्य असतात. तेव्हां खालीं पाण्याचा सांठा, वर माती, आणि दोहोंना जोडणारी मातीचीच वात, एवढें जमविलें कीं कुंडी समईसारखी चालूं लागते. झाडानें पाणी घेतलें कीं माती कोरडी होते, आणि कोरडी झाली कीं ती खालून पाणी ओढते. पावसाळी दिवशीं झाड कमी पितें, तेव्हां ओढही कमी होते.

हें तत्त्व वापरणाऱ्या तयार पेट्या परदेशांत विकल्या जातात. अमेरिकेंतील फ्लोरिडा संस्थानांत टोमॅटो पिकविणाऱ्या ब्लेक व्हाइझनंट या शेतकऱ्यानें १९९० नंतरच्या दशकांत अशी एक पेटी प्रचारांत आणली आणि ती तिकडे फार लोकप्रिय झाली. परंतु त्या पेटींत असें कांहीं नाहीं कीं जें आपल्या घरीं दोन जुन्या बादल्यांतून करतां येणार नाहीं.

भिंतींना रंग देणारे कारागीर काम संपवून गेले म्हणजे वीस लिटरांच्या रिकाम्या बादल्या मागें राहतात. भंगारवाल्याकडेही त्या थोडक्या पैशांत मिळतात. पाण्यांत कालवावयाच्या रंगाच्या बादल्याच घ्याव्यात; तेलरंगाच्या, टर्पेंटाइनच्या किंवा कोणत्याही औषधी रसायनाच्या घेऊं नयेत. बादलीच्या बुडाशीं त्रिकोणांत २ किंवा ५ हा आंकडा छापलेला असल्यास तें प्लॅस्टिक या कामास योग्य समजावें. आंतील रंगाचे पापुद्रे खरवडून बादली साबणानें दोन-तीनदां धुवावी.

अशा दोन बादल्या एकींत एक बसवावयाच्या. खालची बादली हा हौद, वरची ही कुंडी. दोहोंच्या तळांमध्यें १० सेंटिमीटर अंतर राहावें म्हणून प्लॅस्टिकच्या नळाचे प्रत्येकीं १० सेंटिमीटर उंचीचे तीन तुकडे कापून खालच्या बादलींत उभे ठेवावेत. वरची बादली त्यांवर टेकेल.

वरच्या बादलीच्या तळाला तीन प्रकारचीं भोंकें पाडावयाचीं आहेत. मधोमध सात-आठ सेंटिमीटर रुंदीचें एक मोठें. त्यांत प्लॅस्टिकचा एक पेला कांठावर अडकेल आणि खालच्या तळापर्यंत लोंबेल असा बसवावा. पेल्याच्या अंगाला व बुडाला गिरमिटानें वीस-पंचवीस छिद्रें पाडलेलीं असावींत. हा पेला म्हणजे आपल्या समईची वात. त्याच्याभोंवतीं तळाला सहा मिलिमीटरांचीं पंधरा-वीस छिद्रें पाडावींत, हीं हवेसाठीं. कडेला बोटभर रुंदीच्या नळीपुरतें एक भोंक पाडून त्यांतून सुमारें अर्धा मीटर लांबीची नळी खालच्या हौदांत सोडावी. नळीचें खालचें तोंड तिरपें कापावें, म्हणजे तें तळाला चिकटून बंद होणार नाहीं. पाणी भरावयाचें तें या नळींतून.

खालच्या बादलीला एकच भोंक, पण सर्वांत महत्त्वाचें. वरच्या बादलीचा तळ जेथें येतो त्याच्या बोटभर खालीं, म्हणजे हौदाच्या तळापासून सुमारें ९ सेंटिमीटरांवर, बाहेरच्या अंगाला एक छिद्र पाडावें. धरणाला सांडवा असतो तसा हा कुंडीचा सांडवा. हौद भरला कीं जास्तीचें पाणी येथून बाहेर पडतें, आणि पाणी व वरचा तळ यांमध्यें हवेचा एक पट्टा नेहमीं राहतो. मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज आहे. सांडवा विसरला तर ही युक्ति झाड बुडविण्याची युक्ति ठरेल.

गिरमिट नसल्यास चुलीवर तापविलेल्या दाभणानें भोंकें पडतात. मात्र तें काम उघड्यावर करावें, कारण त्या धुराचा त्रास होतो. बादली पांढरी असेल तर आंत उजेड शिरून पाण्यांत शेवाळ धरतें; बाहेरून गोणपाट गुंडाळावें. तें उन्हापासूनही रक्षण करतें.

आतां माती. या कुंडींत शेतांतील काळी माती घालूं नये. ती ओली झाली कीं फुगते व दाबून बसते, आणि मुळें गुदमरतात. नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्याला बाजारांत कोकोपीट म्हणतात, तीन भाग. चांगलें कुजलेलें कंपोस्ट किंवा गांडूळखत दोन भाग. आणि भाताचें तूस एक भाग, असें मिश्रण करावें. मूठभर निंबोळी पेंड मिसळल्यास उत्तम. भुशाची पांच किलोंची वीट भिजविली म्हणजे साठ लिटरांहून अधिक होते आणि पांच-सहा बादल्यांना पुरते. ती भिजवून एक-दोनदां पाणी पिळून टाकावें, कारण त्यांत पुष्कळदां क्षार असतात. अर्धवट कुजलेला स्वयंपाकघरांतील कचरा मात्र येथें घालूं नये. सततच्या ओलाव्यानें त्याला दुर्गंधि येते.

प्रथम पेल्यांत ओलें मिश्रण बोटांनीं घट्ट दाबून भरावें. पेला आणि वरची माती यांत पोकळी राहिली तर वात मध्येंच तुटल्यासारखें होतें आणि पाणी चढत नाहीं. मग बादली भरावी, रोप लावावें, आणि सांडव्यांतून पाणी वाहूं लागेपर्यंत वरून सावकाश पाणी घालावें. हें पहिलें पाणी वरूनच घातलें पाहिजे. कोरडा भुसा पाणी ओढीत नाहीं, उलट झटकतो. पुढें दोन आठवडे, मुळें खालीं पोंचेपर्यंत, एक दिवसाआड थोडें पाणी वरून द्यावें. त्यानंतर वरची झारी बंद. पाणी केवळ नळींतून. मातीवर वाळक्या पानांचा दोन बोटें जाड थर पसरल्यास वाफेनें जाणारें पाणी वांचतें.

एका बादलींत टोमॅटोचें एक किंवा वांग्याचें एकच झाड लावावें. मिरचीचीं दोन चालतील. यांना दिवसांतून सहा तास ऊन हवें. पालक, मेथी, कोथिंबीर, पुदिना यांना तीन-चार तासही पुरतात. अळू तर या कुंडींत इतका संतुष्ट राहतो कीं फदफद्यासाठीं बाजारांत जाण्याचें कारण उरत नाहीं. उलट कोरफड, ओवा यांसारख्या कोरड्यांत रमणाऱ्या झाडांना ही सोय मानवत नाहीं. तुळसही वृंदावनांतच बरी. तिच्या मुळांना सतत ओल सोसत नाहीं.

हौदांत पाणी किती राहतें आणि किती दिवस पुरतें याचा हिशेब मुलांकडून करवावा. घनफळाचें याहून चांगलें उदाहरण पुस्तकांत सांपडणार नाहीं. बादलीच्या तळाचा व्यास २६ सेंटिमीटर आणि पाण्याची खोली ९ सेंटिमीटर धरली तर घनफळ सुमारें ४,७५० घन सेंटिमीटर, म्हणजे पावणेपांच लिटर येतें. पेल्याची जागा वजा जातां सव्वाचार-साडेचार लिटर पाणी राहतें. हिंवाळ्यांत मेथी-पालकाच्या बादलीला हें जवळजवळ आठवडाभर पुरतें. वैशाखांत फळांनीं लगडलेलें टोमॅटोचें झाड दिवसाला दोन लिटर सहज पितें. तेथें दोन दिवसांनीं नळींत पाणी ओतलेंच पाहिजे. एक काडी नळींत बुडवून पाहिली कीं सांठा किती उरला तें समजतें.

मग पांच दिवसांच्या मुंजीचें काय? निघण्यापूर्वीं हौद भरावेत, पिकलेलीं फळें काढून घ्यावींत, आणि बादल्या ओढून सावलींत भिंतीशीं मांडाव्यात. सावलींत झाडाची तहान पुष्कळच कमी होते. मधल्या एका दिवशीं शेजाऱ्यांना नळ्यांत पाणी ओतण्याची विनंति करावी. पूर्वीं शेजाऱ्यांच्या हातीं झाडें सोंपवावयाची म्हणजे कोणत्या कुंडीला किती पाणी हें सर्व पढवावें लागे. येथें शिकविण्यासारखें कांहीं नाहीं. सांडव्यांतून पाणी आलें कीं थांबावें, एवढा एकच नियम. चुकून अधिक ओतलें तरी झाड बुडत नाहीं.

आतां कांहीं सावधगिरीच्या गोष्टी. पहिली आणि सर्वांत मोठी डासांची. डेंग्यूचा डास स्वच्छ, सांठलेल्या पाण्यांत अंडीं घालतो आणि उष्ण दिवसांत सुमारें आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून सांडव्याच्या तोंडावर बारीक जाळी चिकटवावी, नळीच्या तोंडाला टोपण किंवा फडकें बांधावें, आणि दोन बादल्यांच्या कडांमध्यें जी फट राहते तींत कापडाची पट्टी ठांसून भरावी. या तीन तोंडांपैकीं एकही उघडें ठेवून ही कुंडी करूं नये. भाजीच्या हौसेपायीं घरांत ताप आणणें शहाणपणाचें नव्हे.

दुसरी गोष्ट क्षारांची. येथें पाणी खालून वर जातें, त्यामुळें पाण्यांतील क्षार मातीच्या वरच्या थरांत सांचतात व पांढरी बुरशी धरल्यासारखें दिसतें. दोन महिन्यांतून एकदां वरून भरपूर पाणी ओतून माती धुवावी आणि हौद कलता करून तें पाणी ओतून द्यावें. पावसाळ्यांत हें काम पर्जन्य आपण होऊन करतो. आपण सांडवा तुंबलेला नाहीं एवढें पाहावें. तिसरी गोष्ट, ताक, तांदुळाचें धुवण किंवा पातळ खत हौदांत कधींही ओतूं नये. तें तेथें कुजतें. तसलें पाणी द्यावयाचें तर थोडें, आणि वरून मातीवर द्यावें. खत म्हणून तीन आठवड्यांनीं ओंजळभर कंपोस्ट वर पसरणें पुरे. चौथी गोष्ट वजनाची. भरलेली बादली वीस-पंचवीस किलो भरते. दहा-बारा बादल्या गच्चीच्या मध्यावर एकत्र न मांडतां भिंतींच्या कडेनें मांडाव्यात, आणि सज्जा जुना असेल तर आधीं जाणकाराला दाखवावा.

दोन बादल्यांचाही खटाटोप ज्यांना नको त्यांच्यासाठीं याहून सोपा एक प्रकार आहे. पेयाची दोन लिटरांची रिकामी बाटली वरून एकतृतीयांश अंतरावर कापावी. टोपणाला भोंक पाडून त्यांतून जुन्या सुती कापडाची वळलेली वात ओवावी, वरचा भाग उलटा करून खालच्या भागांत बसवावा, खालीं पाणी व वर मिश्रण भरावें. वातीचें एक टोंक मातींत वर येईल आणि दुसरें पाण्यांत बुडेल असें पाहावें. कोथिंबीर, मेथी किंवा रोपांची पहिली वाढ यासाठीं ही बाटली उत्तम. सुती वात कांहीं महिन्यांनीं कुजते, तेव्हां ती बदलावी. खिडकींतील उजेडांत शेवाळ धरूं नये म्हणून खालच्या भागाला कागद गुंडाळावा. मुलांनीं सुटींत हातानें करावयाचें हें काम आहे, आणि कागद क्षणभर दूर केला कीं वात पाणी कशी चढविते हें त्यांना डोळ्यांनीं पाहतां येतें.

आणि ज्यांना प्लॅस्टिक मुळींच नको त्यांच्यासाठीं सर्वांत जुना मार्ग मोकळाच आहे. मोठें पिंप, पेटी किंवा वाड्याच्या परसांतील वाफा असेल तर त्याच्या मधोमध कुंभाराकडील साधें, न रंगविलेलें, न झिलई दिलेलें मडकें गळ्यापर्यंत पुरावें, पाण्यानें भरावें, आणि तोंडावर खापराचें झाकण ठेवावें. माठांतील पाणी ज्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपून गार होतें त्याच छिद्रांतून तें मातींत उतरतें. माती कोरडी तर अधिक, ओली तर कमी. भोंवतालीं काकडी, दोडका, टोमॅटो लावावेत. मुळें मडक्याला बिलगतात. चीनमध्यें फान शंगच्र या ग्रंथकारानें इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांत लिहिलेल्या कृषिग्रंथांत वेलांच्या मधोमध असें मडकें पुरण्याची रीति सांगितली आहे. आपल्याकडे कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता अनुसंधान संस्थेंत आर. सी. मोंडल यांनीं १९७० नंतरच्या दशकांत याच रीतीचे प्रयोग भाजीपाल्यावर केले. जड पाण्यानें मडक्याचीं छिद्रें कालांतरानें बुजतात; तेव्हां तें काढून घासून धुवावें किंवा नवें आणावें.

यांतील प्रत्येक माप आपल्या घरच्या उन्हावर, वाऱ्यावर आणि मातीवर थोडें बदलेल. कोल्हापूरचे प्रा. श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनीं 'प्रयोग परिवारा'च्या द्वारें महाराष्ट्राला शिकविलें तें हेंच कीं, थोड्या जागेंतही सामान्य माणसानें स्वतः करून पाहावें, मोजावें आणि दुसऱ्याला सांगावें. म्हणून आरंभीं दोनच बादल्या कराव्यात. शेजारीं त्याच भाजीची एक साधी कुंडी ठेवावी. आणि कोणाला किती पाणी लागलें, फळ केव्हां आलें, डाग पडला किंवा नाहीं, याची तारीखवार नोंद एका वहींत ठेवावी. एका ऋतूच्या अनुभवानंतर पंचवीस कुंड्यांऐवजीं अशा दहा-बारा बादल्याच पुरेशा आहेत असें ध्यानांत येईल.

शेवटीं वडील मंडळींस एक विनंति. ही वही आणि हें गिरमिट सूनबाईंच्या हातीं देऊं नये. ज्याची हौस त्यानेंच बादल्या आणाव्यात, धुवाव्यात, भोंकें पाडावींत, आणि सकाळीं नळाला पाणी असतांना काडी बुडवून सांठा पाहावा. निवृत्त माणसास याहून हलकें आणि आरोग्यदायक काम दुसरें नाहीं. नातवंडें मदतीला आपण होऊन येतात. पाणी वर नेणें सर्वस्वीं टळत नाहीं हें खरें. पण पूर्वीं त्यांतलें निम्में भोंकांतून वाहून जाई, तें आतां जात नाहीं. आठ बादल्यांच्या जागीं तीन-चार पुरतात, त्याही रोज लागत नाहींत, आणि त्या कोणी न्यावयाच्या हें वार लावून सर्वांत वांटून देतां येतें. तसें तें वांटावें, आणि हें वेळापत्रक स्वयंपाकघराच्या दारावर न लावतां गच्चीच्या दारावर लावावें.